ऐतिहासिक नौयुद्धपटांतील विविधता आणि प्रतिनिधित्व : जहाजावरील श्रमविभागणीच्या संदर्भात एक अभ्यास

गोषवारा

दुसऱ्या महायुद्धातील सागरी संघर्षावर आधारलेल्या चित्रपटांत कोण दिसते आणि कोण दिसत नाही, या प्रश्नाची चर्चा बहुधा पात्रांचा वर्ण व देश यांची मोजदाद करून केली जाते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न जहाजावरील श्रमविभागणीच्या अंगाने तपासला आहे. युद्धकाळातील जहाजांवर माणसाचे काम व कामाची जागा पुष्कळदा त्याचा वर्ण, देश आणि सामाजिक स्तर यांवरून ठरत असे. नौयुद्धपटाचा कॅमेरा मात्र प्रामुख्याने कप्तानाजवळ, म्हणजे ब्रिजवर, उभा असतो. त्यामुळे भटारखाना, बॉयलरघर आणि व्यापारी जहाजांचे खालचे मजले यांत राबणारी माणसे चौकटीबाहेर राहिली. अमेरिकन व ब्रिटिश चित्रपटांतील निवडक उदाहरणे आणि भारतीय खलाशांचा इतिहास यांच्या आधारे हे प्रतिपादन मांडले आहे.

बीजसंज्ञा : नौयुद्धपट, प्रतिनिधित्व, श्रमविभागणी, डोरिस मिलर, लस्कर, व्यापारी नौदल.

प्रस्तावना

चित्रपट हे लोकशिक्षणाचे प्रभावी माध्यम मानले जाते. शाळा-महाविद्यालयांत शिकलेला इतिहास काळाच्या ओघात विसरला जातो. पडद्यावर पाहिलेले युद्ध मात्र दीर्घकाळ स्मरणात राहते. पर्ल हार्बर, मिडवे किंवा अटलांटिकची लढाई यांविषयी सर्वसामान्य प्रेक्षकाच्या मनातील चित्र ग्रंथांपेक्षा चित्रपटांतूनच अधिक घडलेले असते. म्हणून ज्यांना पडद्यावर स्थान मिळत नाही, ते हळूहळू सार्वजनिक स्मृतीतूनही नाहीसे होतात.

नौयुद्धपटांच्या बाबतीत हा प्रश्न इतर युद्धपटांहून काहीसा वेगळा आहे. रणांगण विस्तीर्ण असते, तेथे सैनिक विखुरलेले असतात. जहाज मात्र बंदिस्त असते. काही शे माणसे एकाच पोलादी भिंतीआड जगतात आणि जहाज बुडाले तर एकाच पाण्यात बुडतात. टॉर्पेडो अधिकारी व खानसामा यांत भेद करीत नाही. असे असूनही त्या जहाजाची कथा सांगताना भेद केला जातो. हा भेद का आणि कोणत्या मार्गाने होतो, हे पाहणे उद्बोधक ठरते.

उद्दिष्टे

१. युद्धकालीन जहाजांवरील श्रमविभागणी व तिच्यामागील वर्णभेद, वर्गभेद यांचा परिचय करून देणे.
२. निवडक नौयुद्धपटांत या श्रमविभागणीचे चित्रण कसे झाले आहे, याचा अभ्यास करणे.
३. भारतीय, विशेषतः कोकण व गोव्यातील, खलाशांच्या अनुपस्थितीची कारणमीमांसा करणे.
४. ऐतिहासिक सत्यता आणि प्रतिनिधित्व यांत खरोखरच विरोध आहे काय, याचा विचार करणे.

व्याप्ती

अभ्यासासाठी मुख्यतः १९४२ ते २०२० या काळातील अमेरिकन व ब्रिटिश चित्रपटांची निवड केली आहे. विवेचनाचा भर दुसऱ्या महायुद्धावर असून, तुलनेसाठी एका जर्मन चित्रपटाचा आणि १९२६ च्या चीनमधील एका कथेचा विचार केला आहे. सर्व नौयुद्धपटांचा आढावा घेण्याचा येथे हेतू नाही.

१. जहाज : एक श्रेणीबद्ध समाज

जहाजाची रचनाच श्रेणीबद्ध असते. वर ब्रिज, म्हणजे जेथून जहाजाचे संचालन होते तो मंच. त्याखाली तोफा व डेक. त्याखाली राहण्याच्या जागा व भटारखाना. आणि तळाशी इंजिन व बॉयलर. अधिकाराची उतरंड व जागेची उतरंड येथे जवळजवळ एकरूप होतात.

अमेरिकन नौदलात या उतरंडीला वर्णभेदाची जोड होती. पहिल्या महायुद्धानंतर कृष्णवर्णीयांची भरती बंद करण्यात आली. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी ती पुन्हा सुरू झाली, ती केवळ मेस विभागापुरती. अधिकाऱ्यांसाठी स्वयंपाक करणे, ताटे मांडणे, अंथरुणे आवरणे व कपडे धुण्यास नेणे ही या विभागाची कामे होती. फिलिपिनो तरुणांनाही मुख्यतः याच कामांसाठी घेतले जाई. १९४२ च्या जूनपासून कृष्णवर्णीयांना सर्वसाधारण सेवेचे दार उघडले, परंतु पृथक्करण कायम राहिले. सैन्यदलांतील भेदभाव संपविण्याचा अध्यक्षीय आदेश १९४८ मध्ये निघाला.

ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील विभागणी निराळ्या स्वरूपाची होती. तेथे आशियाई खलाशांना 'लस्कर' या नावाने, वेगळ्या करारावर व गोऱ्या खलाशांपेक्षा कितीतरी कमी वेतनावर घेतले जाई. महायुद्धाच्या उंबरठ्यावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील मनुष्यबळात भारतीय व अन्य आशियाई खलाशांचा वाटा साधारण चौथ्या हिश्श्याइतका होता.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे नौयुद्धपटांतील प्रतिनिधित्वाचा प्रश्न केवळ नटांच्या निवडीचा राहत नाही. कथा जहाजाच्या कोणत्या मजल्यावर घडते, हा त्यातील मूळ प्रश्न ठरतो.

२. डोरिस मिलर : भटारखान्यातील नायक

या दृष्टीने डोरिस मिलर याचे उदाहरण सर्वाधिक बोलके आहे. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा मिलर 'वेस्ट व्हर्जिनिया' या युद्धनौकेवर मेस अटेंडंट होता आणि त्या सकाळी मळके कपडे गोळा करीत होता. जखमी कप्तानाला सुरक्षित जागी हलविण्यास त्याने मदत केली. त्यानंतर, चालविण्याचे कोणतेही शिक्षण मिळालेले नसताना, त्याने विमानविरोधी मशिनगन हाती घेऊन गोळीबार केला. आरंभीच्या बातम्यांत त्याचा उल्लेख एक अनाम कृष्णवर्णीय खलाशी असा झाला. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी, विशेषतः 'पिट्सबर्ग कूरियर' या पत्राने, पाठपुरावा केल्यानंतर १९४२ च्या मार्चमध्ये त्याचे नाव प्रसिद्ध झाले. २७ मे १९४२ रोजी अ‍ॅडमिरल निमित्झ यांनी त्याला 'नेव्ही क्रॉस' हे पदक प्रदान केले.

हॉलिवूडने या प्रसंगाची दखल निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या रीतीने घेतली. 'क्रॅश डाइव्ह' या १९४३ च्या पाणबुडीपटात बेन कार्टर या नटाने साकारलेला कृष्णवर्णीय मेसमन किनाऱ्यावरील छाप्यात भाग घेतो. ज्या काळी अशा पात्रांना विनोदापलीकडे वाव नसे, त्या काळी हे लहानसे पाऊलही लक्षणीय होते. १९७० च्या 'तोरा! तोरा! तोरा!' या भव्य चित्रपटात मिलरचा प्रसंग ओझरता येतो. मायकेल बे दिग्दर्शित 'पर्ल हार्बर' या २००१ च्या चित्रपटात मात्र क्युबा गुडिंग ज्युनियर यांनी साकारलेला मिलर हे एक नामनिर्देशित पात्र आहे. तो मुष्टियुद्ध खेळतो, मरणासन्न कप्तानाजवळ थांबतो, तोफ चालवितो आणि पदक स्वीकारतो.

वरकरणी पाहता ही प्रगतीच आहे. तथापि चित्रपटातील मिलरची कथा पदकापाशी थांबते. प्रत्यक्षात पदकानंतरही मिलर भटारखान्यातच राहिला. २४ नोव्हेंबर १९४३ रोजी 'लिस्कम बे' ही विमानवाहू नौका टॉर्पेडोने बुडाली, त्या वेळी तो तिच्यावर तिसऱ्या श्रेणीचा स्वयंपाकी होता. ज्या माणसाच्या चित्राचा उपयोग नौदलाने भरतीच्या जाहिरातपत्रकासाठी केला, त्याला तोफखान्यात स्थान मिळाले नाही. ही विसंगती हाच मिलरच्या आयुष्याचा खरा आशय होय. पराक्रमाचा अपवाद पडद्यावर आला. तो अपवाद ज्या नियमामुळे अपवाद ठरला, तो नियम मात्र पडद्याबाहेर राहिला.

'मेन ऑफ ऑनर' हा २००० सालचा चित्रपट येथे तुलनेसाठी घेता येईल. १९४८ मध्ये नौदलात दाखल झालेले आणि १९६६ मध्ये एका अपघातानंतर पाय गमावूनही पुढे मास्टर डायव्हर झालेले कार्ल ब्रॅशिअर यांच्या जीवनावर तो आधारलेला आहे. या चित्रपटात भटारखान्यातून बाहेर पडण्याची धडपड हाच कथेचा कणा असल्याने नियम आणि अपवाद दोन्ही दिसतात. तरीही ब्रॅशिअर यांच्या प्रशिक्षकाचे पात्र अनेक व्यक्ती मिळून कल्पिलेले असून, एका संस्थेचा भेदभाव त्यात बराचसा एका माणसाच्या स्वभावात सामावला आहे. संस्थेचे पूर्वग्रह व्यक्तीच्या हृदयपरिवर्तनाने संपतात, असा समज त्यातून होण्याचा संभव असतो.

समूहाच्या कथा त्या मानाने कमी आल्या. बहुतांशी कृष्णवर्णीय खलाशी असलेल्या 'मेसन' या विनाशिकेवर 'प्राउड' हा चित्रपट २००४ मध्ये निघाला. १७ जुलै १९४४ रोजी कॅलिफोर्नियातील पोर्ट शिकागो येथे दारूगोळा भरताना झालेल्या स्फोटात ३२० जण ठार झाले. त्यांपैकी २०२ कृष्णवर्णीय होते. त्यानंतर धोकादायक परिस्थितीत पुन्हा तेच काम करण्यास नकार देणाऱ्या ५० जणांना बंडाच्या आरोपाखाली शिक्षा झाली. या घटनेवर 'म्युटिनी' हा दूरचित्रवाणीपट १९९९ मध्ये आला. अमेरिकन नौदलाने त्यांना दोषमुक्त केले ते २०२४ च्या जुलैमध्ये, म्हणजे स्फोटानंतर ८० वर्षांनी. स्मृती आणि न्याय यांचा संबंध किती निकटचा असतो, हे यावरून ध्यानात येते.

३. वर्ग आणि राष्ट्र : ब्रिटिश चित्रपट

ब्रिटिश नौयुद्धपटांत वर्णापेक्षा वर्गाचे भान अधिक तीव्र आहे. नोएल कॉवर्ड व डेव्हिड लीन यांचा 'इन विच वुई सर्व्ह' हा १९४२ चा चित्रपट याचा उत्तम नमुना होय. लॉर्ड माउंटबॅटन यांच्या 'केली' या विनाशिकेच्या कहाणीवर तो बेतलेला आहे. जहाज बुडाल्यावर तराफ्याला धरून राहिलेली माणसे आपापले घर आठवतात. कप्तान, चीफ पेटी ऑफिसर आणि साधा खलाशी अशा तीन स्तरांतील तीन घरे व तीन नाताळ प्रेक्षकासमोर येतात. साध्या खलाशाचे घर कप्तानाच्या घराच्या बरोबरीने दाखविणे हे त्या काळी मोलाचे होते. मात्र प्रत्येक जण आपापल्या पायरीवर समाधानी आहे, हा त्यातील गर्भितार्थही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

राष्ट्राच्या प्रतिनिधित्वाचा वाद गाजला तो 'यू-५७१' या २००० सालच्या चित्रपटामुळे. यात अमेरिकन खलाशी जर्मन पाणबुडीवरून एनिग्मा हे सांकेतिक यंत्र मिळवितात. वस्तुतः अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच, मे १९४१ मध्ये, ब्रिटिश नौदलाने 'यू-११०' या पाणबुडीवरून ते हस्तगत केले होते. ब्रिटिश संसदेत याविषयी नाराजी व्यक्त झाली व पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनीही तिच्याशी सहमती दर्शविली. चित्रपटाच्या अखेरीस ब्रिटिश नौदलाच्या कामगिरीची नोंद आहे. पण दोन तासांच्या कथेपुढे अशा नोंदीचा प्रभाव तो किती पडणार?

या वादात एक मुद्दा फारसा चर्चिला गेला नाही. ३० ऑक्टोबर १९४२ रोजी भूमध्य समुद्रात 'यू-५५९' या बुडत्या पाणबुडीत उतरून ब्रिटिश खलाशांनी मोलाची सांकेतिक पुस्तके बाहेर काढली. त्यांच्या आधारे ब्लेचली पार्कमधील तज्ज्ञांना जर्मन पाणबुड्यांचे संदेश पुन्हा उलगडता आले. लेफ्टनंट अँथनी फॅसन आणि खलाशी कॉलिन ग्रेझिअर हे त्या पाणबुडीसह बुडाले. त्यांच्याकडून पुस्तके वर घेणारा तिसरा जण, टॉमी ब्राउन, हा नौसैनिकही नव्हता. 'पेटार्ड' या विनाशिकेवरील उपाहारगृहात काम करणारा तो सोळा वर्षांचा मुलगा होता. 'यू-५७१' मध्ये शत्रूच्या पाणबुडीत उतरणाऱ्यांत एका कृष्णवर्णीय स्टुअर्डचे पात्र आहे, ही जमेची बाजू होय. पण त्याच चित्रपटात ब्रिटिश उपाहारगृहातील खराखुरा मुलगा मात्र लुप्त झाला आहे. एका उपेक्षित गटाला जागा देताना दुसऱ्याची जागा हिरावली जाऊ शकते, हे यातून स्पष्ट होते.

४. अनुपस्थित खलाशी : कोकण व गोव्याचा संदर्भ

महाराष्ट्र व गोव्याच्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत जिव्हाळ्याचा भाग म्हणजे भारतीय खलाशांची अनुपस्थिती होय. मुंबई बंदरातून ब्रिटिश जहाजांवर जाणाऱ्या भारतीयांत कामाची विभागणी बरीचशी प्रदेशनिहाय झालेली होती. डेकवर रत्नागिरी, कच्छ, सुरत या किनाऱ्यांवरील माणसे. बॉयलरघरात पंजाब व सरहद्दीकडील माणसे. आणि भोजनकक्षात व भटारखान्यात गोमंतकीय, असे सर्वसाधारण चित्र होते. कलकत्ता बंदरातून जाणाऱ्या जहाजांच्या बॉयलरघरांत सिल्हेटचे लोक मोठ्या संख्येने असत. सारंग, तांडेल, खलाशी, आगवाला, भंडारी ही पदनामे इंग्रजांच्या जहाजांवरही रूढ होती. कोकणातील अनेक घरांच्या कुटुंबस्मृतींत 'बोटीवर असलेला' पूर्वज आजही आढळतो.

युद्ध सुरू होताच या खलाशांनी वेतनवाढीसाठी संप केले. त्यातून काही वाढ मिळाली, तरी गोऱ्या खलाशाच्या वेतनाशी बरोबरी झाली नाही. धोका मात्र समान होता. किंबहुना टॉर्पेडो जहाजाच्या पाणरेषेखाली लागत असल्याने बॉयलरघरातील माणसाला वर येण्यास सर्वांत कमी अवधी मिळे. दुसऱ्या महायुद्धात व्यापारी जहाजांवर मृत्युमुखी पडलेल्या भारतीय खलाशांची संख्या सहा हजारांच्या आसपास आहे. समुद्रात मेलेल्यांना कबर नसते. त्यांची नावे चितगाव येथील युद्धस्मशानभूमीत व मुंबईतील खलाशीगृहात ठेवलेल्या स्मरणग्रंथांत नोंदविलेली आहेत. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या ८९६ लस्करांचे स्मारक कोलकाता येथे हुगळीकाठी १९२४ मध्ये उभारले गेले.

आता याच व्यापारी जहाजांवरील चित्रपट पाहावेत. 'सॅन डेमेट्रिओ लंडन' हा १९४३ चा चित्रपट एका पेटलेल्या तेलवाहू जहाजाची, ते सोडून गेलेल्या आणि पुन्हा त्यावर चढून ते मायदेशी आणणाऱ्या खलाशांची सत्यकथा सांगतो. 'वेस्टर्न अ‍ॅप्रोचेस' या १९४४ च्या रंगीत चित्रपटात तर व्यावसायिक नटांऐवजी प्रत्यक्ष व्यापारी जहाजांवरील माणसांनीच काम केले. दोन्ही चित्रपट प्रामाणिक आहेत; त्यांत खोटे असे काही नाही. ज्या जहाजांच्या कथा निवडल्या, त्यांच्या केंद्रस्थानी ब्रिटिश खलाशीच होते. प्रश्न निवडीचा आहे. सारंग व तांडेल यांच्या आधारे चालणारी जहाजेही त्याच अटलांटिकमध्ये बुडत होती. त्यांच्या कथा निवडल्या गेल्या नाहीत, आणि शेकडो प्रामाणिक निवडींची बेरीज शेवटी अप्रामाणिक ठरली. प्रेक्षकाच्या मनात व्यापारी खलाशी म्हणजे गोरा खलाशी हे समीकरण पक्के झाले.

हा प्रश्न जुन्या चित्रपटांपुरता मर्यादित नाही. ख्रिस्तोफर नोलन यांच्या २०१७ मधील 'डंकर्क' या चित्रपटावर अशाच स्वरूपाची टीका झाली. १९४० च्या त्या माघारीच्या वेळी फ्रान्समध्ये भारतीय सैन्याच्या खेचरदलाच्या तुकड्या होत्या आणि ब्रिटिश व्यापारी जहाजांवर आशियाई खलाशी होते. पडद्यावर त्यांचा मागमूस नाही, असा आक्षेप घेण्यात आला. मोजक्या पात्रांच्या अनुभवावर केंद्रित झालेल्या चित्रपटाकडून सर्वसमावेशक इतिहासाची अपेक्षा करणे योग्य नाही, असे उत्तर त्यावर दिले गेले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु किनाऱ्यावरील हजारोंच्या गर्दीतही ते चेहरे नसावेत, याचे समर्थन पात्रांच्या मर्यादित संख्येने होत नाही.

५. खालच्या मजल्यावर उतरलेला कॅमेरा

कॅमेरा खाली नेणे अशक्य असते तर वरील टीका निरर्थक ठरली असती. तसे नाही, हे काही चित्रपटांनी सिद्ध केले आहे. रॉबर्ट वाइज यांचा 'द सँड पेबल्स' हा १९६६ चा चित्रपट १९२६ मधील चीनमध्ये, एका अमेरिकन गनबोटीवर घडतो. रिचर्ड मॅकेना यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. मॅकेना यांनी स्वतः अमेरिकन नौदलाच्या यंत्रविभागात काम केले होते. या जहाजावरील जवळजवळ सर्व कष्टाची कामे चिनी मजूर करतात. स्टीव्ह मॅक्वीन यांनी रंगविलेला यंत्रज्ञ होलमन हा पो-हान या चिनी मजुराला इंजिनाचे शास्त्र समजावून सांगतो आणि दोघांत स्नेह जुळतो. कथा इंजिनघरात घडत असल्यामुळे हा मजूर आपोआपच एक पूर्ण माणूस म्हणून समोर येतो. ही भूमिका करणारे माको यांना ऑस्करसाठी नामांकन मिळाले. माको जन्माने जपानी होते. म्हणजे येथेही प्रतिनिधित्व अपुरेच होते. तरीही कॅमेऱ्याची जागा बदलली की माणसे दिसू लागतात, हे या चित्रपटाने दाखवून दिले.

'ग्रेहाउंड' या २०२० च्या चित्रपटात याच्या उलट मार्ग स्वीकारूनही काही साध्य झाले आहे. सी. एस. फॉरेस्टर यांच्या १९५५ च्या कादंबरीवर आधारित या चित्रपटात कॅमेरा जवळजवळ अखंड ब्रिजवर, कप्तान क्राउझजवळ असतो. क्लीव्हलंड हा कृष्णवर्णीय मेस अटेंडंट वारंवार जेवण घेऊन येतो आणि कप्तान ते न खाताच परत पाठवितो. पुढे लढाईत क्लीव्हलंड मरण पावतो व त्याला जलसमाधी दिली जाते. त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्या मेस अटेंडंटला कप्तान अनवधानाने क्लीव्हलंड म्हणून हाक मारतो. या एका चुकीतून, ज्याची सेवा गृहीत धरली त्याची उणीव किती उशिरा जाणवते, ते सूचित होते. प्रसंग लहान आहे. पण श्रमविभागणी न लपविता तिच्यातील माणुसकीचे दर्शन तो घडवितो.

शत्रूपक्षाच्या चित्रणातही असाच बदल झालेला दिसतो. १९७६ च्या 'मिडवे'मध्ये जपानी अधिकारी इंग्रजी बोलतात, तर त्यापूर्वीच्या 'तोरा! तोरा! तोरा!'मध्ये जपानी भागाचे दिग्दर्शन जपानी दिग्दर्शकांनी केले असून पात्रे जपानीच बोलतात. वोल्फगांग पीटरसन यांच्या 'दास बूट' या १९८१ च्या जर्मन चित्रपटाने पाणबुडीतील सामान्य खलाशाचे भय व थकवा जगापुढे आणला. याच चित्रपटात पेटलेल्या तेलवाहू जहाजावरील माणसे पाण्यात उड्या घेतात आणि पाणबुडी त्यांना न वाचविता मागे सरते, असा प्रसंग आहे. ती माणसे दुरून, ज्वाळांच्या उजेडात दिसतात. त्यांना नावे नाहीत. व्यापारी खलाशांचे नौयुद्धपटांतील स्थान या दृश्यात जणू एकवटले आहे.

६. स्त्रियांचे स्थान

नौयुद्धपटांत स्त्री बहुधा किनाऱ्यावर वाट पाहणारी पत्नी, प्रेयसी किंवा परिचारिका असते. त्या काळी युद्धनौकांवर स्त्रियांची नेमणूक होत नसे, हे खरे. परंतु सागरी युद्ध केवळ समुद्रावर लढले गेले नाही. ब्रिटनच्या महिला नौदल सेवेत १९४४ मध्ये सत्तर हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. लिव्हरपूल येथील डावपेच केंद्रात जमिनीवर आखलेल्या पटावर पाणबुडीविरोधी चाली तपासण्याच्या आणि काफिल्यांच्या रक्षक अधिकाऱ्यांना त्या शिकविण्याच्या कामात तरुण स्त्रियांचा मोठा वाटा होता. जर्मन संकेत उलगडणारी यंत्रेही मुख्यतः याच सेवेतील स्त्रिया चालवीत. 'द क्रूएल सी' या १९५३ च्या गाजलेल्या चित्रपटात या सेवेतील एक अधिकारी आहे. पण तिचे स्थान मुख्यत्वे नायकाच्या प्रेमकथेत आहे. म्हणजे येथेही अडसर इतिहासाचा नसून कथा कोठून सांगायची या निर्णयाचा आहे.

७. ऐतिहासिक सत्यता : विरोध की आधार?

प्रतिनिधित्वाच्या मागणीवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, आजच्या मूल्यांसाठी भूतकाळात बदल करू नये. हा आक्षेप तत्त्वतः मान्य करण्यासारखा आहे. १९४१ च्या अमेरिकन युद्धनौकेच्या ब्रिजवर कृष्णवर्णीय अधिकारी दाखविणे हे केवळ चूकच नव्हे, तर मिलरसारख्यांवर अन्यायकारकही ठरेल. कारण ज्या भेदभावाने त्याला भटारखान्यात ठेवले, तोच त्यामुळे झाकला जाईल. अनुपस्थिती जितकी दिशाभूल करते, तितकीच खोटी उपस्थितीही करते.

तथापि हाच निकष दुसऱ्या बाजूलाही लावावयास हवा. जहाजांच्या हजेरीपटांत जी माणसे नोंदलेली आहेत, ती पडद्यावर नसणे हाही इतिहासातील बदलच होय. १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत ब्रिटिश जहाजांवर आफ्रिका, वेस्ट इंडीज, अमेरिका अशा अनेक ठिकाणचे खलाशी होते. लंडनमधील नेल्सनच्या स्तंभाच्या पायथ्याशी असलेल्या, त्याच्या मृत्युप्रसंगाच्या कांस्यशिल्पात एक कृष्णवर्णीय खलाशी स्पष्ट दिसतो. एकोणिसाव्या शतकातील शिल्पकाराला जे नोंदवावेसे वाटले, ते विसाव्या शतकातील अनेक चित्रपटांना नोंदवावेसे वाटले नाही. तात्पर्य, विविधता ही आजच्या काळाने भूतकाळावर लादलेली कल्पना नसून, ती भूतकाळातच होती आणि कथनाच्या ओघात गाळली गेली.

निष्कर्ष

१. नौयुद्धपटांतील प्रतिनिधित्वाचा प्रश्न पात्रांच्या संख्येपेक्षा कथनाच्या जागेशी अधिक निगडित आहे. वर्ण, देश व वर्ग यांनुसार कामाची जागा ठरत असल्याने ब्रिजवरून सांगितलेली कथा अनेकांना आपोआप वगळते.
२. डोरिस मिलर याच्यासारख्या अपवादात्मक वीरांचे चित्रण स्वागतार्ह असले, तरी त्यामागील भेदभावाची व्यवस्था न दाखविल्यास ते अपुरे राहते.
३. भारतीय खलाशांची अनुपस्थिती एखाद्या चित्रपटाच्या असत्यामुळे निर्माण झाली नसून, सातत्याने एकाच प्रकारच्या कथा निवडल्यामुळे निर्माण झाली आहे.
४. 'द सँड पेबल्स' व 'ग्रेहाउंड' या चित्रपटांवरून असे दिसते की, इतिहासाशी प्रतारणा न करता खालच्या स्तरावरील माणसांना स्थान देता येते.
५. ऐतिहासिक सत्यता आणि विविधता यांत मूलतः विरोध नाही. खोटी भरती आणि खोटी वगळणूक हे एकाच दोषाचे दोन प्रकार होत.

समारोप

मुंबईच्या खलाशीगृहातील स्मरणग्रंथात ज्यांची नावे आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांना प्रेक्षकांनी कधी पाहिलेले नाही. ते ज्या जहाजांवर होते, तशी जहाजे मात्र पडद्यावर अनेकदा पेटली व बुडाली आहेत. मिलरचे नाव अमेरिकन जनतेसमोर आले ते त्याच्या समाजाच्या वृत्तपत्रांनी ते मागून घेतले म्हणून. कोकण, गोवा, सिल्हेट येथील खलाशांच्या बाबतीत अशी मागणी फारशी झाली नाही. त्यांच्या पत्रव्यवहाराचा, सेवापुस्तिकांचा व कुटुंबांतील आठवणींचा संग्रह अद्यापही करता येण्याजोगा आहे; मात्र दरवर्षी ही सामग्री कमी होत चालली आहे. चित्रपट पुढे कोणी काढील अथवा न काढील. तो काढावयाचा झाल्यास लागणारी साधने जतन करणे हे काम मात्र किनाऱ्यावरील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना आजच हाती घेता येईल.